फिल्टरमधली वस्ती: घरच्या मत्स्यटाकीतील उपयुक्त जिवाणू कसे सांभाळावेत

रविवारी सकाळी मासे बादलीत काढून ठेवायचे, टाकी रिकामी करायची, तळाची खडी मोरीत नेऊन स्वच्छ पाणी निघेपर्यंत चोळायची, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून कोरा दिसेपर्यंत पिळायचा आणि सगळे पुन्हा जागच्या जागी लावून ताजे पाणी भरायचे, हा क्रम मासे पाळणाऱ्या कितीतरी घरांत ठरून गेलेला असतो. टाकी नव्यासारखी लख्ख दिसते. मंगळवारी एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतो, बुधवारी तो उलटा तरंगत असतो आणि आठवडा सरेपर्यंत आणखी दोन-तीन जातात. इतकी स्वच्छता ठेवूनही मासे मरतात कसे, हा प्रश्न मग घरातले सगळे एकमेकांना विचारत राहतात.

माझ्या पहिल्या दोन फुटी टाकीतील चार गोल्डफिश अशाच एका धुलाईनंतर पाच दिवसांत गेले. त्या वेळी मी दोष पाण्याला दिला, खाद्याला दिला, माशांच्या जातीला दिला. स्पंज पिळताना मोरीतून जे तपकिरी पाणी वाहून गेले, त्यातच त्या माशांना जगवणारे जीव होते, हे समजायला मला पुढे बराच काळ लागला. ते तपकिरी पाणी म्हणजे काय, ते कसे जपावे आणि कधी जपू नये, हे येथे क्रमाने पाहू.

माशांच्या पाण्यात नेमके काय साचते

आपण खाल्लेली प्रथिने शरीरात वापरली गेली की उरलेला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडतो. मासे तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने, आणि तोही बराचसा कल्ल्यांवाटे, थेट पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य, विष्ठा, गळून कुजणारी पाने यांच्यापासूनही शेवटी अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो अफाट पाण्यात विरून जातो आणि मासाही त्या जागेपासून दूर जाऊ शकतो. टाकीतल्या माशाला दूर जायला जागाच नसते, आणि म्हणून त्याच्या पाण्याची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते.

हे प्रमाण किती असते, याचा अंदाज घेता येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत खडी वगैरे धरून साधारण ५० लिटर पाणी मावते. त्यातील माशांना दिवसाला १ ग्रॅम खाद्य घातले आणि त्या खाद्यात ४० टक्के प्रथिने असली, तर मत्स्यपालनातील नेहमीच्या हिशेबाप्रमाणे त्यातून सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातील नायट्रोजन, पाण्यात येतो. म्हणजे दर लिटरला दिवसाकाठी पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. कोणी तो काढून टाकला नाही तर पाच दिवसांत तो साडेतीन मिलिग्रॅमच्या वर जातो.

हा सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाण्याचा आम्लपणा किंवा अल्कपणा ज्या आकड्याने मोजतात त्याला पीएच म्हणतात. ७ म्हणजे मधले, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. पीएच ७ असेल तर २८ अंश तापमानाला अमोनियाचा शेकडा एक भागही घातक रूपात नसतो, उरलेला तुलनेने सौम्य अशा अमोनियम रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच घातक भाग शेकडा सहा-साडेसहापर्यंत चढतो. घातक रूपातील अमोनिया दर लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आत राहावा असे मत्स्यपालनात मानले जाते, आणि वरच्या उदाहरणात पाचव्या दिवशी, पीएच ८ असताना, तो याच्या दहापट झालेला असतो. कल्ल्यांची नाजूक पाती भाजल्यासारखी होतात, आणि भोवती पाणी असूनही मासा गुदमरू लागतो. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडणारा मासा आपल्याला हेच सांगत असतो.

दोन पाळ्यांचे काम

शेतकऱ्याने शेतात युरिया टाकला की पिकाला तो पुढे बराचसा नायट्रेटच्या रूपाने मिळतो. मातीत युरियाचा आधी अमोनिया होतो आणि पुढचे काम तेथले जिवाणू करतात. पहिल्या प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. या संपूर्ण क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. फिल्टरमध्ये घडते ते हेच. जागा तेवढी बदललेली असते.

पहिल्या पाळीचा माल दुसऱ्या पाळीने उचलला नाही तर मधल्या टप्प्यावरचे नायट्राइट साचते, आणि तेही विषच आहे. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. अशा माशाचे रक्त लालऐवजी तपकिरी दिसते. नायट्रेटचे प्रमाण फार असलेले विहिरीचे पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेले तर बाळ निळे पडते, त्यामागेही हेच कारण असते, कारण बाळाच्या पोटात त्या नायट्रेटचे नायट्राइट होते. शेवटी तयार होणारे नायट्रेट माशांना बरेच कमी त्रासदायक असते आणि ते पाणी बदलून काढता येते.

वाळूच्या नळीतला जुना प्रयोग

फिल्टरविषयी जे काही व्यवहारात जपावे लागते, ते सगळे एका जुन्या प्रयोगात दिसून आले होते. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी काचेच्या लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू झिरपत सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही; वरून गेलेला अमोनिया खाली तसाच्या तसा बाहेर येत होता. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून सुरू झाली असती, वीस दिवस थांबली नसती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट तयार होणे थांबले. पुढे क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर थोड्या ताज्या मातीचे पाणी वरून ओतले, आणि काही दिवसांत काम पुन्हा सुरू झाले.

नव्या टाकीला काही आठवडे का द्यावे लागतात, क्लोरीन आणि औषधे घातक का ठरतात आणि चालत्या टाकीतला थोडा ऐवज नव्या टाकीत का टाकावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या नळीत आहेत. हे जिवाणू वेगळे करून त्यांचे जीवन उलगडण्याचे काम १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राडस्की यांनी केले. हे जीव साखर किंवा इतर सेंद्रिय पदार्थ खाऊन जगत नाहीत. अमोनियापासून ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. अमोनियातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते, म्हणून त्यांची वाढ फार संथ होते. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो; यांना दुप्पट व्हायला अनेक तास, पुष्कळदा पूर्ण दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. एकदा धुऊन टाकलेली वस्ती दोन दिवसांत परत का येत नाही, याचे कारण एवढेच आहे.

हे जिवाणू राहतात कुठे

ते पाण्यात मोकळे पोहत नाहीत, निदान मोठ्या संख्येने नाहीत. ते पृष्ठभागाला धरून, स्वतःच तयार केलेल्या बुळबुळीत थरात राहतात. माठाच्या आतल्या बाजूवर काही दिवसांनी बोटाला जो गुळगुळीतपणा लागतो, तो अशाच प्रकारचा थर असतो. टाकीच्या काचेवर, खडीवर, पानांवर सगळीकडे तो असतो, परंतु फिल्टरमध्ये सर्वांत दाट असतो, कारण तेथे पाणी सतत वाहते आणि त्याबरोबर अमोनिया व प्राणवायू आयता दारात येतो.

म्हणून फिल्टरमध्ये खाचाखोचा असलेले पदार्थ भरतात. स्पंज, सिरॅमिक रिंग (भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र कड्या), बायो बॉल (प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे) यांचे काम चाळीसारखे आहे: थोड्या जागेत पुष्कळ खोल्या. घाण अडवणे हे फिल्टरचे एक काम खरेच, पण ते दुय्यम आहे. चहाची गाळणी धुतली तर काही बिघडत नाही, म्हणून आपण फिल्टरही तसाच धुतो, आणि येथेच चूक होते. यातून एक दिलासाही मिळतो. जिवाणू पाण्यात नसल्यामुळे टाकीतले पाव किंवा अर्धे पाणी बदलले तरी वस्तीला धक्का लागत नाही. भीती असते ती स्पंजाच्या धुलाईची आणि नळाच्या क्लोरीनची.

स्पंज कसा धुवावा

धुवायचाच नाही असे नव्हे. स्पंज गच्च भरला की पाण्याची धार मंदावते, आतल्या भागापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथील जिवाणू गुदमरतात. धार बारीक झाली की धुण्याची वेळ आली असे समजावे. तारीख पाहून धुवू नये.

पाणी बदलताना टाकीतून काढलेलेच पाणी एका बादलीत घ्यावे आणि स्पंज त्यात बुडवून दोन-तीनदा हलक्या हाताने पिळावा. पाणी चॉकलेटी होते, बोटांना गाळ मऊसर लागतो. निरोगी फिल्टरच्या या गाळाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, आणि तो मला आता मनापासून आवडतो. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर मात्र आत प्राणवायू पोहोचत नव्हता असे ओळखावे आणि पुढच्या वेळी थोडे लवकर धुवावे. पिळून झालेला स्पंज तपकिरीच दिसला पाहिजे; त्याचा मूळ रंग दिसू लागला म्हणजे हात जड पडला. ते बादलीतले पाणी कुंड्यांना घालावे, झाडांना ते मानवते.

दोन स्पंज असतील तर एकाच दिवशी दोन्ही धुवू नयेत. सिरॅमिक रिंग नुसत्या त्या पाण्यात हलवून काढाव्यात, घासू नयेत. पांढरा फिल्टर वूल, ज्याला दुकानात नुसता कापूस म्हणतात, तो बदलायला हरकत नाही, मात्र जिवाणूंची मुख्य वस्ती शेजारच्या स्पंजात किंवा रिंगमध्ये असली पाहिजे. स्पंज फाटून निकामी झाला असेल तर नवा स्पंज जुन्याच्या जोडीला महिनाभर चालवावा आणि मग जुना काढावा. ज्या दिवशी फिल्टर धुतला त्याच दिवशी खडीही खोलवर ढवळून साफ करू नये, कारण फिल्टरची क्षमता कमी झालेली असताना उरलेला भार खडीवरच्या जिवाणूंनाच उचलायचा असतो.

नळाचे पाणी चालते, मग क्लोरीनची एवढी भीती कशाला?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जिवाणू मारण्यासाठीच, आणि उपयुक्त जिवाणू कोणता व रोगट कोणता हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, क्लोरीन वापरलेल्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. माणसासाठी हे योग्यच आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी क्लोरीनची मात्रा वाढवतात, सोसायटीची टाकी धुतल्यावर तीत ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि नेमक्या त्या दिवसांत नळाला वास येऊ लागतो. असा वास आला तर त्या दिवशी टाकीचे पाणी बदलणे पुढे ढकलावे.

एरवी उपाय सोपा आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, त्यात एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडला तर आणखी चांगले. किंवा दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे थेंब, नाहीतर हायपोचे खडे, पाणी टाकीत ओतण्यापूर्वी बादलीतच मिसळावेत. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी छायाचित्रे धुण्यासाठी वापरत तेच. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे की तेथील अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते रात्रभर ठेवून उडून जात नाही. तेथे त्यासाठीचे औषध वापरावेच लागते.

रात्री फिल्टर बंद ठेवला तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते, आणि ही चूक फार घरांत होते. आवाज येतो म्हणून किंवा विजेची बचत म्हणून रात्री बटण बंद केले जाते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे पूर्ण नायट्रेट करायला जवळजवळ साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे हे जिवाणू प्राणवायूचे मोठे ग्राहक आहेत. पाणी वाहायचे थांबले की फिल्टरमधल्या थोड्याशा पाण्यातला प्राणवायू ते काही तासांत संपवतात. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये हे सर्वांत लवकर होते. टाकीत उघड्यावर असलेल्या स्पंज फिल्टरला त्यामानाने थोडी सवड मिळते. १० वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालवला तर सात युनिटच्या आसपास वीज लागते. एवढ्या खर्चात ही वस्ती जिवंत राहते.

उन्हाळ्यात ही अडचण वाढते, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना दर लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. विदर्भात मे महिन्यात टाकीचे पाणी याहूनही तापते. जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा आणि तो स्पंज फिल्टरला जोडून ठेवावा. कॅनिस्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर तो तसाच सुरू करू नये. आत कुजलेले पाणी एकदम टाकीत येते. आधी उघडावा, आतले पाणी ओतून द्यावे, रिंग आणि स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून घ्यावेत आणि मग सुरू करावा.

नवी टाकी: विरजणाचा मार्ग

नव्या टाकीत कोऱ्या स्पंजावर वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी, खडी, फिल्टर आणि दहा मासे एकाच दिवशी घरी आणले जातात तेव्हा ही वस्ती शून्य असते. पहिले दोन-तीन दिवस सगळे छान दिसते, मग अमोनिया चढतो, त्यामागून नायट्राइट चढते, आणि मासे जातात. लहान मुलांच्या हट्टापायी आणलेले मासे असे आठवड्याभरात जातात तेव्हा मुलांना होणारे दुःख खरे असते, आणि थोड्या माहितीने ते टाळता येते.

दूध आपोआपही नासते, पण दही हवे असेल तर आपण चमचाभर विरजण लावतो. नव्या टाकीलाही विरजण मिळते. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे, मासे निरोगी आहेत, अशा मित्राकडून वापरातला स्पंज किंवा मूठभर रिंग मागून आणाव्यात. टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्याचे झाकण थोडे सैल ठेवून, शक्य तितक्या लवकर घरी आणून फिल्टरमध्ये ठेवाव्यात. वाटेत सुकू देऊ नयेत, कारण सुकणे म्हणजे बहुतेक वस्ती मरणे. टाकी अनोळखी असेल तर हा मोह टाळावा. विरजणाबरोबर रोगही येतो.

विरजण मिळाले नाही तर माशांविना टाकी तयार करता येते. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, किंवा एक सोललेली कच्ची कोळंबी जाळीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडावी. ती कुजते, अमोनिया देते, आणि जिवाणूंना अन्न मिळते. वास येतो, तो काही दिवस सोसावा लागतो. थेंबांचे परीक्षण संच बाजारात मिळतात. त्यांनी पाणी तपासत राहिले तर अमोनिया वर जाऊन खाली येताना, मग नायट्राइट वर जाऊन खाली येताना आणि शेवटी नायट्रेट वाढताना स्पष्ट दिसते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की कोळंबीचे अवशेष काढावेत, निम्मे पाणी बदलावे आणि दोन-तीन मासे सोडावेत. उरलेले पुढच्या काही आठवड्यांत, थोडे थोडे. वस्तीची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. एकदम दहा मासे आणले तर दहा माशांचा भार उचलायला ती तयार नसते.

या काळात पाणी एकदा दुधाळ होण्याची शक्यता असते. ते दुसऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होते आणि काही दिवसांत आपोआप निवळते. घाबरून सगळे पाणी काढून टाकी धुतली की गणित पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

बाटलीतले जिवाणू विकत घ्यावेत का?

घेतले तरी विचार करून घ्यावेत. नायट्रीकरण करणारे जिवाणू बीजाणू तयार करत नाहीत, म्हणजे कोरड्या, निद्रिस्त अवस्थेत वर्षानुवर्षे टिकून राहण्याची सोय त्यांच्याकडे नाही. त्यामुळे कोरड्या पावडरीच्या पुडीत बहुतेक वेळा वेगळेच, बीजाणू करणारे जिवाणू असतात; ते गाळ कुजवतात, अमोनिया संपवत नाहीत. द्रवरूप बाटलीत योग्य जिवाणू असू शकतात, पण ती कारखान्यातून दुकानापर्यंत उन्हात तापत आली असेल तर आत काय उरले आहे हे बाहेरून दिसत नाही. बाटली घातल्यावरही पाण्याची तपासणी करूनच मासे सोडावेत. माझा कौल मित्राकडच्या स्पंजालाच आहे.

“पाणी तर स्वच्छ दिसते!”

मीठ विरघळलेले पाणीही स्वच्छच दिसते. अमोनिया आणि नायट्राइट रंगहीन असतात, आणि घातक पातळीला त्यांचा वासही येतोच असे नाही. उलट थोडी शेवाळलेली काच, किंचित पिवळसर पाणी आणि तपकिरी स्पंज असलेल्या टाकीत मासे वर्षानुवर्षे आनंदात राहतात. डोळ्यांवर भरवसा न ठेवता महिन्यातून एकदा तरी थेंबांनी तपासावे.

“आमच्या हौदात फिल्टरशिवाय मासे जगले!”

हे खरे आहे आणि ते या सगळ्याच्या विरोधातही नाही. जुन्या हौदाच्या आणि विहिरीच्या खडबडीत भिंती, तळाचा गाळ, शेवाळ हाच तेथला फिल्टर असतो. पाणी हजारो लिटर, मासे थोडे, आणि कोणी त्यांना दिवसातून तीनदा खाद्य घालत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पालिका किंवा ग्रामपंचायत ज्या डबक्यांत गप्पी सोडते, तेथेही हेच चालते. काचेच्या गोल भांड्यातल्या फायटर माशाचे उदाहरण मात्र फसवे आहे. फायटर पृष्ठभागावर येऊन हवेतून थेट श्वास घेऊ शकतो, त्यामुळे प्राणवायू कमी असला तरी तो तग धरतो. अमोनिया त्याच्या कल्ल्यांना इतरांइतकाच जाळतो. तो जगतो म्हणजे तो सुखात आहे असे मानणे त्याच्यावर अन्याय आहे.

घरात जिवाणू पाळणे धोक्याचे नाही ना?

नायट्रीकरण करणारे जिवाणू माणसाला रोग देत नाहीत. अमोनियावर जगणाऱ्या जीवाला आपल्या शरीरात रस नसतो. टाकीच्या पाण्यात इतर जिवाणू असू शकतात आणि त्यांपैकी काही जखमेतून त्वचेचा चिवट संसर्ग करतात. म्हणून हाताला चीर असताना टाकीत हात घालू नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये.

मऊ पाणी आणि जुनी टाकी

वर्षानुवर्षे चाललेली टाकी एकाएकी बिघडते, त्यामागे एक कारण असते आणि ते फार थोड्यांना माहीत असते. नायट्रीकरणात आम्ल तयार होते. पाण्यात विरघळलेले क्षार ते आम्ल शोषून घेतात आणि तसे करताना स्वतः संपतात: दर १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७ मिलिग्रॅम. बोअरवेलच्या जड पाण्यात हा साठा भरपूर असतो. भातसा, तानसा, वैतरणा येथून मुंबईला येणारे पाणी मऊ आहे, त्यात तो बेताचाच असतो. आरओच्या पाण्यात तर जवळजवळ नसतोच. साठा संपला की पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, आणि सहाच्या आसपास काम जवळजवळ थांबते.

अशा टाकीत अमोनिया साचत असतो, पण आम्ल पाण्यात तो सौम्य रूपात राहिल्यामुळे मासे तग धरतात. मग कोणी तरी महिन्यांनंतर मायेने अर्धे पाणी बदलतो, ताज्या पाण्याने पीएच एकदम वर जातो, सौम्य अमोनिया काही मिनिटांत घातक होतो आणि एका संध्याकाळीत टाकी उजाड होते. म्हणून दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलण्याची सवय चांगली: क्षारांचा साठा भरत राहतो. मऊ पाण्याच्या गावी फिल्टरमध्ये शिंपल्यांचे चार तुकडे धुऊन ठेवावेत, ते हळूहळू विरघळून पाणी सांभाळतात. आरओचे पाणी निव्वळ वापरू नये. ज्यांची टाकी आधीच अशी दुर्लक्षित झाली आहे त्यांनी दिवसाआड दहा टक्केच पाणी बदलत दोन-तीन आठवड्यांत ती रुळावर आणावी.

औषध द्यावे लागले तर

मिथिलीन ब्लू आणि जिवाणूनाशक औषधे यांचा फटका फिल्टरलाही बसतो. आजारी मासा वेगळ्या टबात, साध्या एअर स्टोनसह ठेवून तेथेच औषध द्यावे, आणि त्या टबाचे पाणी रोज बदलावे, कारण तेथे वस्ती नसते. निळे औषध मुख्य टाकीत “खबरदारी म्हणून” टाकण्याचा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. तो घेऊ नये.

या जीवांची नावे

जुन्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी दिलेली असते. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांतून नायट्राइटवर जगणारा मुख्य जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असल्याचे दिसले. २००५ मध्ये सिॲटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतून अमोनियावर जगणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखा दिसणारा पण वेगळ्या कुळाचा सूक्ष्मजीव, प्रथमच वेगळा केला गेला. २०१५ मध्ये दोन्ही पाळ्यांचे काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्याच्या शोधातील एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता. घरी सांभाळण्याच्या पद्धतीत यामुळे फरक पडत नाही. ओलावा, प्राणवायू आणि नियमित अन्न या गरजा सगळ्यांच्या त्याच आहेत.

नायट्रेटचे काय करायचे, आणि गावी जाताना

शेवटी उरणारे नायट्रेट दर लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. पाण्याचा साप्ताहिक बदल हा मुख्य उपाय. जोडीला मनीप्लांटची फांदी टाकीच्या कडेला अशी अडकवावी की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. महिन्याभरात मुळांचा पांढरा झुबका तयार होतो आणि नायट्रेटचा आकडा खाली येतो. बोअरवेलच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकते, ते आधी तपासावे.

दिवाळीत किंवा मे महिन्यात आठवडाभर गावी जायचे असेल तर निरोगी मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात आणि जिवाणूंची वस्तीही टिकून राहते. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची असेल तर खाद्याचा डबा समोर ठेवू नये. मायेपोटी मुठीने घातलेले खाद्य कुजून एका दिवसात अमोनिया चढतो. रोजचे चिमूटभर खाद्य कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून त्यांवर वार लिहून ठेवावेत आणि फिल्टरच्या बटणावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे घर बंद करताना कोणाच्या हातून ते चुकून बंद होणार नाही.